जुळवून कोणी घ्यायचे?

तीन वर्षांपूर्वी मुलीकडे पॅरिसला गेलो असताना एका संध्याकाळी ऑर्गन आणि पियानो यांच्या जोडवादनाला जाण्याचा योग आला. कार्यक्रम चर्चमध्येच होता आणि सर्व रचना फ्रेंच संगीतकारांच्या होत्या. मार्च महिना उजाडला होता, तरी हवेतील गारठा गेला नव्हता. दुपारी थोडा वेळ प्रार्थनेला बसावे म्हणून आम्ही उभयता मुलीसह त्या चर्चमध्ये शिरलो, तेव्हा वेदीच्या पायऱ्यांपाशी एक लांबलचक काळा पियानो उघडून ठेवलेला दिसला. एक वयस्क कारागीर हातात किल्ली घेऊन त्याच्या तारा जुळवीत होता. मागे, मुख्य दरवाजाच्या वरच्या सज्जात मोठा ऑर्गन होता. तेथे बसलेला कोणी एक जण मधूनमधून एकच स्वर धरून ठेवी. खालचा कारागीर मान कलती करून तो स्वर ऐके, किल्ली केसभर फिरवी, पुन्हा ऐके. असे किती तरी वेळ चालले होते.

मुलीने त्याला विचारले, "आपण पियानोच का जुळवता? ऑर्गन का नाही?"

तो हसून म्हणाला, "बाई, वर हजारो नळ्या आहेत. त्या हलवायच्या तर काही आठवडे लागतील. हा बिचारा दोन तासांत ऐकतो."

मुलीने ते आम्हाला मराठीत सांगितले. माझी पत्नी क्षणभर गप्प राहिली आणि मग हळूच म्हणाली, "म्हणजे येथेही जो ऐकतो त्यालाच सांगायचे तर!"

तिचे ते वाक्य मी त्या वेळी हसण्यावारी नेले. पण संध्याकाळी वादन सुरू झाले तेव्हा संगीताबरोबर तेही कानात घुमत राहिले, आणि आजही ते थांबलेले नाही. वाचकांसमोर ते मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आपल्या भाषेत 'जुळवणे' हे क्रियापद सुरांनाही लागते आणि माणसांनाही. तंबोरा जुळवतात, सनई-चौघड्याचे सूर जुळतात, सोयरीक जुळते, मने जुळतात. आणि लग्न करून सासरी निघालेल्या मुलीच्या कानात तिची आई जे शेवटचे सांगते तेही हेच असते : "जुळवून घे, बाळा." हा उपदेश जावयाला केलेला मी तरी क्वचितच ऐकला आहे. तेव्हा प्रश्न असा की, दोन भिन्न प्रकृतींनी एकत्र नांदायचे असेल, तर जुळवून कोणी घ्यायचे? जो धाकटा, जो मऊ, जो ऐकणारा, त्याने नेहमीच? आणि तसे असेल, तर त्यात न्याय कोठे आहे?

प्रथम त्या कारागिराची बाजू पाहू, कारण ती खोटी नाही. पाइप ऑर्गनचा स्वर नळीच्या लांबीवर आणि तिच्यातील हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. हवा तापली की स्वर चढतो, थंडावली की उतरतो. वादकाच्या इच्छेचा तेथे काही संबंध नसतो. पॅरिसच्या सें-सुल्पिस चर्चमधील प्रसिद्ध ऑर्गन घ्या. आरिस्तीद कावाये-कॉल या थोर निर्मात्याने १८६२मध्ये त्याची पुनर्बांधणी पूर्ण केली. त्याला पाच हस्तपट्ट्या आहेत आणि नळ्यांची संख्या सात हजारांच्या आसपास आहे. शिवाय जुन्या फ्रेंच ऑर्गनांच्या बाबतीत इतिहासही आड येतो. १८५९मध्ये फ्रेंच सरकारने सर्व वाद्यांसाठी एकच प्रमाण ठरवून दिले : मध्यसप्तकातील 'ला' हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा असावा. आज जगात बहुतेक ठिकाणी हेच प्रमाण ४४० आहे. म्हणजे जुन्या मापाचा ऑर्गन आणि आजचा पियानो यांच्यात अर्ध्या स्वराच्या सुमारे पाचव्या हिश्श्याचे अंतर पडते. कागदावर ते किरकोळ वाटते. कानाला मात्र ते दोन माणसांनी एकाच वेळी वेगवेगळे बोलावे तसे खुपते.

पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. त्या सर्वांचा मिळून ताण अठरा-वीस टनांपर्यंत जातो, तरीही प्रत्येक तार एका खुंटीभोवती गुंडाळलेली असते आणि ती खुंटी फिरवता येते. तेव्हा तत्त्व सरळ आहे : ज्याला वाकणे अशक्य आहे त्याच्याकडे वाकण्याची मागणी करू नये, आणि ज्याला ते शक्य आहे त्याने ते करावे. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची खोली बदलत नाहीत, नातवंडे आपली बदलतात. यात अन्याय नाही, हे प्रेमाचे साधे व्यवहारज्ञान आहे.

पण येथेच सावध झाले पाहिजे. 'मला शक्य नाही' आणि 'माझी इच्छा नाही' ही दोन वाक्ये बोलणाऱ्याच्या तोंडी फार सारखी ऐकू येतात. ऑर्गनचे 'शक्य नाही' हे धातूचे आणि हवेचे सत्य आहे. आमचे 'शक्य नाही' पुष्कळदा सवयीचे असते, मानाचे असते, वयाच्या अधिकाराचे असते. घरातील कर्ता पुरुष "माझा स्वभावच असा" म्हणतो, तेव्हा तो स्वतःला सात हजार नळ्यांचा समजत असतो. खरे म्हणजे त्यालाही खुंट्या असतात. त्यांना कोणी किल्ली लावलेली नसते, इतकेच.

संस्थांच्या बाबतीतही हे खरे आहे. त्या संध्याकाळी वेदीपाशी पियानो पाहताना मला आठवले की, पोप दहावे पायस यांनी १९०३मध्ये पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यात पियानोचे नाव घेऊन त्याला चर्चमध्ये मनाई केली होती. ढोल आणि झांजा यांच्याच पंक्तीत तो बसवला गेला होता. त्यामागे हेतू शुद्ध होता. उपासनेत नाटकशाळेचा थाट शिरू नये, ही ती चिंता होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये उपासनेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान राखला, आणि त्याच परिच्छेदात पवित्र कार्याला शोभतील अशी अन्य वाद्येही स्वीकारता येतील असे म्हटले. साठ वर्षांत पवित्र मातेने आपला मूळ सूर सोडला नाही, परंतु जे अशक्य वाटत होते ते तपासून पाहिले. कशाला खरोखर धरून ठेवायचे आणि कशाला केवळ सवयीने धरले आहे, हा विवेक ज्या घरात होत नाही, तेथे जुळवून घेण्याचे ओझे सदैव एकाच खांद्यावर पडते.

आता त्या मैफलीकडे वळू. पहिली रचना कामी सें-सांस यांची होती. १८५८ साली, ऐन तारुण्यात, त्यांनी हार्मोनियम आणि पियानो यांच्यासाठी सहा द्वंद्वरचना लिहिल्या. हार्मोनियम हे वाद्य मूळचे पॅरिसचेच. अलेक्सांद्र दबेन यांनी १८४२च्या सुमारास त्याचे हक्क नोंदवले आणि पुढील काही दशकांत ते फ्रान्समधील लहान चर्चमध्ये व घरोघरच्या दिवाणखान्यांत पोहोचले. हेच वाद्य मग आपल्या देशात आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास त्याचे पाय काढून ते मांडीशी घेऊन वाजवण्याजोगे केले, आणि महाराष्ट्रात त्याची 'पेटी' झाली. कीर्तन, भजन, नाट्यसंगीत आणि आमच्या चर्चमधील गायनमंडळे यांना पेटीवाचून करमेना. पण तिच्यावरही आक्षेप होताच. तिचे स्वर पक्के, तिला मींड घेता येत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत. या कारणाने आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी एकतीस वर्षे तिला दूर ठेवले. पेटीला वाकता येत नाही, हे अगदी खरे. पण चांगला पेटीवाला काय करतो ते आठवून पाहा. तो गवयाच्या मागे मागे राहतो, त्याने श्वास घेतला की थांबतो, त्याचा आवाज चढला की आपला भाता आवरतो. एका बाबतीत जे देता येत नाही, ते तो दुसऱ्या बाबतीत भरून देतो. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

दुसरी रचना सेझार फ्रांक यांची होती : 'पूर्वरंग, फ्यूग आणि रूपांतर'. फ्रांक यांचा जन्म १८२२मध्ये लिएज येथे झाला. पॅरिसच्या सेंत-क्लोतिल्द चर्चमध्ये १८५९ साली कावाये-कॉलचा नवा ऑर्गन बसला, तेव्हापासून १८९०मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्या ऑर्गनशी एकनिष्ठ राहिले. ही रचना त्यांनी ऑर्गनसाठी केली आणि ती सें-सांस यांना अर्पण केली. पुढे स्वतःच तिचे हार्मोनियम व पियानोसाठी दुसरे रूप सिद्ध केले. एक साधी, विनवणी करणारी धून प्रारंभी येते. मग फ्यूगच्या शिस्तीत एकामागून एक आवाज प्रवेश करतात. अखेरीस तीच पहिली धून परतते, पण आता तिच्याखाली जलद स्वरांचा एक अखंड झरा वाहत असतो. धून बदललेली नाही, तरी ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. सोबतीने माणसाचे असेच होते.

ती धून ऐकताना या दोन वाद्यांच्या स्वभावातील खरा भेद माझ्या ध्यानी आला. पियानोचा स्वर जन्मतः मरणाला लागलेला असतो. हातोडी तारेवर पडली, स्वर उमटला, की त्याच क्षणापासून तो विझू लागतो. वादकाने कितीही आर्जव केले तरी तो फुलत नाही. ऑर्गनचा स्वर मात्र बोट पट्टीवर असेपर्यंत तसाच उभा राहतो, एक निमिष किंवा एक तास. एक वाद्य मर्त्य, तर दुसरे जणू अमर. असे दोघे एकत्र आले, तर जो टिकतो तो जो विझतो त्याला सहज गिळून टाकील. त्याला बळ लावावे लागत नाही, त्याने नुसते चालू राहिले तरी पुरे.

आणि म्हणून त्या संध्याकाळी वर सज्जात बसलेला ऑर्गनवादक जे करीत होता, ते मला फार मोलाचे वाटले. एवढ्या प्रचंड वाद्यातील मोजक्याच नळ्या त्याने बोलू दिल्या. स्वर धरून ठेवणे हा त्याच्या वाद्याचा हक्क असता, पियानोचा स्वर विझत आला की तोही बोट उचलीत होता. खालचा पियानो वेदीपाशी आणि वरचा ऑर्गन दाराच्या माथ्यावर, मध्ये चाळीसएक मीटरचे अंतर. ध्वनीला तेवढे अंतर तोडायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. म्हणजे जे कानी आले त्यावर विसंबून वाजवणारा नेहमी उशिरा पोहोचणार. तेव्हा दुसरा आता काय करील हे आधी ओळखून बोट ठेवावे लागते. हे शिकवून येत नाही. हे पुष्कळ दिवस एकमेकांचे ऐकल्यानेच येते.

दुपारपासून माझा समज असा होता की, त्या दिवशी फक्त पियानोने जुळवून घेतले. तो अपुरा होता. पियानोने आपला सूर दिला, ऑर्गनने आपले सामर्थ्य आवरले. एकाने जागा बदलली, दुसऱ्याने जागा करून दिली. ज्याच्यापाशी बदलण्याची क्षमता नसते, त्याच्यापाशी पुष्कळदा आवरण्याची क्षमता असते, आणि तेवढे तरी देणे त्याच्यावर ऋण असते. ज्या घरात एक जण सूरही देतो आणि गप्पही तोच राहतो, तेथे संगीत नसते. तेथे फक्त एकाच वाद्याचा आवाज असतो, आणि आपण त्याला सुसंवाद म्हणतो. संत पौल फिलिप्पैकरांस लिहिताना ख्रिस्ताविषयी जे सांगतो, ते येथे आठवल्यावाचून राहत नाही : जो देवासमान होता त्याने स्वतःला रिते केले. रिते होण्याचे पहिले पाऊल मोठ्याने टाकले, आणि म्हणूनच ते लहानांना सांगण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला.

शेवटची रचना मार्सेल द्युप्रे यांची होती, १९३२ सालची 'बालाद'. द्युप्रे म्हणजे विसाव्या शतकातील अग्रगण्य ऑर्गनवादकांपैकी एक. सें-सुल्पिस चर्चमध्ये त्यांच्या आधी शार्ल-मारी व्हिदॉर होते. त्यांची १८७०मध्ये तात्पुरती म्हणून झालेली नेमणूक चौसष्ट वर्षे टिकली. त्यांच्यानंतर, १९३४मध्ये, द्युप्रे तेथे आले आणि १९७१मध्ये देवाघरी जाईपर्यंत राहिले. त्यांची एकुलती एक कन्या मार्गरीत पियानोवादक होती. बापलेक एकत्र वाजवीत. पियानो आणि ऑर्गन यांच्यासाठी द्युप्रे यांनी जे लिहिले त्यामागे ही सोबत होती : १९३२ची 'बालाद', १९३७ची दोन धूनींवरील रूपांतरे, १९४६ची 'सिन्फोनिया'. म्युदाँ येथील त्यांच्या घरीच ऑर्गन होता. तेथे पित्याने ऑर्गनवर आणि लेकीने पियानोवर बसून सराव केला असेल, हे चित्र मला फार प्रिय वाटते. पण त्या चित्रामागे एक दुःख आहे. मार्गरीत १९६३मध्ये, वडिलांच्या आधी, निवर्तली. त्यानंतर आठ वर्षे म्हातारा पिता रविवारमागून रविवार ऑर्गनपाशी बसत राहिला.

ज्याचा स्वर टिकतो त्याच्या वाट्याला हेही येते, हा विचार त्या क्षणी मला चटका लावून गेला. आपण टिकणाऱ्याचा हेवा करतो, परंतु टिकणे म्हणजे दुसऱ्याचे विझणे ऐकत राहणे. ज्या पित्याने आपल्या वाद्याचा आवाज लेकीसाठी आवरला असेल, त्याला पुढच्या शांततेत निदान एवढे समाधान असेल की, ती होती तोवर आपण तिला ऐकू येऊ दिले. ज्याने आवरला नसेल, त्याला त्या शांततेत काय ऐकू येत असेल?

कार्यक्रम संपल्यावर दुपारचा तो कारागीर पुन्हा दिसला. पियानो उद्या परत जाणार, म्हणून झाकण लावून तो त्यावर कापड घालीत होता. मुलीने त्याला धन्यवाद दिले. बोलता बोलता तो म्हणाला की, हा पियानो माघारी गेला की पुन्हा आपल्या मूळ सुरावर, ४४०वर, आणला जाईल. आणि तार फार विसराळू नसते, असेही म्हणाला. तिला खाली आणले तरी ती आपल्या जुन्या ताणाकडे ओढ घेते, म्हणून एकदा जुळवून भागत नाही, दोनदा जुळवावी लागते.

यावर माझी पत्नी काहीच बोलली नाही. मला मात्र बेचाळीस वर्षांपूर्वीची ती आठवली. तिचे माहेर वसईतच, परंतु बोली वाडवळी. आमच्या घरात सामवेदी बोली. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती पडवीत बसून आमचे शब्द माझ्या आईकडून शिकली. चुकली की घरातील लहान मुले हसत, आणि मीही हसत असे. पुढे ती आमच्या बोलीत इतकी रुळली की, नवख्या माणसाला ती येथलीच वाटावी. आम्ही सर्वांना कौतुकाने सांगत असू : "किती छान जुळवून घेतले हिने!" या बेचाळीस वर्षांत तिच्या बोलीतील दहा वाक्येही मी शिकलो नाही. मला ते अशक्य नव्हते. गरजच पडली नाही, एवढेच. तिला कधी कोणी परत आपल्या सुरावर जाऊ दिले का, हा प्रश्न मला त्या परक्या शहरात, एका अनोळखी कारागिराच्या सहज उद्गारामुळे पडावा, याची लाज वाटली.

तेव्हा माझे उत्तर आता असे आहे. जुळवून त्याने घ्यावे ज्याला ते शक्य आहे. पण 'मला शक्य नाही' असे म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या खुंट्या एकदा चाचपून पाहाव्यात. ज्याला खरोखर बदलता येत नाही, त्याने आपले बळ आवरून दुसऱ्याला ऐकू येण्याएवढी जागा करावी. आणि ज्याने आपल्यासाठी सूर बदलला, त्याला परत आपल्या सुरात येण्याचे एक घर असावे, निदान अधूनमधून. ही तिसरी गोष्ट आपण बहुधा विसरतो, कारण ज्याने उत्तम जुळवून घेतले आहे, त्याचे जुळवून घेणे ऐकूच येत नाही.

घरी परतल्यावर एका दुपारी मी तिला म्हटले, "तुझ्या बोलीत मला काहीतरी शिकव."

ती हसली. "आता या वयात? अहो, कशाला?"

"शिकव तर खरे."

ती बराच वेळ आठवीत राहिली. मग म्हणाली, "आई विहिरीवर निघाली की रोज एक वाक्य म्हणायची. त्यातला एक शब्द मला आता सापडत नाही." आणि उठून तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. मला निम्मे कळत नव्हते. पण तिचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, एवढे मात्र कळले.